सूर्याच्या मागच्या बाजूला

ऊन बघायला लोक गर्दी करतात असं आमच्या गावात कुणाला सांगितलं, तर तो आधी तुमच्या डोक्याला दुपट्टा बांधलाय की नाही ते बघेल. चंद्रपूर जिल्ह्याच्या पूर्वेला, ब्रह्मपुरी-नागभीडच्या पट्ट्यात, मे महिन्याची दुपार म्हणजे दारं बंद आणि कूलर चालू. लाईन गेली की तोही बंद. पारा ४५ ला टेकला तर कुणी दखल घेत नाही; ४७ झाला की पेपरात चौकट येते आणि आम्हाला उगीच थोडा अभिमान वाटतो. महिना सरत आला की सूर्य रोहिणी नक्षत्रात शिरतो आणि नवतपा, म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस, लागतो. त्याच्या आधीच तेंदूपत्त्याचा हंगाम उरकायचा असतो. पानं तोडायला जाणाऱ्या बायांचं गणित मोठं अवघड आहे. उन्हाला भिऊन अंधारात निघावं तर जंगलात वाघ, वाघाला भिऊन उशिरा निघावं तर ऊन. बहुतेक जणी वाघ पत्करतात.

अशा गावात राहून मी गेली काही वर्षं एका खोट्या सूर्याच्या नादी लागलोय.

हा सूर्य लंडनला उगवला होता, १६ ऑक्टोबर २००३ ला, आणि मार्च २००४ मध्ये मावळला. मधल्या पाच महिन्यांत वीस लाखांवर माणसं त्याच्यापुढे येऊन गेली. करणारा ओलाफुर एलियासन. जन्म १९६७ चा, कोपनहेगनचा, आईबाप आइसलँडचे, स्टुडिओ बर्लिनमध्ये. जागा होती टेट मॉडर्न या संग्रहालयाचा टर्बाइन हॉल. लांबी दीडशे मीटरच्या वर, उंची पाच-दहा मजल्यांची घरं आत उभी राहतील एवढी. एका टोकाच्या भिंतीवर वर टांगलेला मोठा पिवळा अर्धगोल, त्याच्या मागे सुमारे दोनशे दिवे. सगळ्या छताला आरसा. अर्धगोल आरशात पडला की खालचा आणि वरचा मिळून पूर्ण सूर्य. हवेत साखर-पाण्याचं बारीक धुकं सोडलेलं. बस, एवढंच. कामाचं नाव 'द वेदर प्रोजेक्ट', म्हणजे हवामानाचा प्रकल्प. आमच्याकडे या नावाची सरकारी पाटी सहज खपून जाईल.

मी कलाशिक्षक आहे. एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षांना पोरं बसवतो, स्थिरचित्रासाठी घरून तांब्या आणि वांगी नेतो. लंडन सोडा, मुंबईची जहांगीर आर्ट गॅलरीसुद्धा मी धावतपळत पाहिलेली. एलियासनची कामं मी पाहिली ती मोबाइलवर आणि एका मित्राने दिलेल्या जाडजूड पुस्तकात. ज्या कलेत माणसाने आत जाऊन उभं राहायचं असतं, ती हाताएवढ्या काचेत बघणं हा तसा विनोदच. तरी त्या हॉलमधल्या माणसांचे फोटो मी परत परत बघितले. सूर्यापेक्षा माणसांचे जास्त. लोक चक्क फरशीवर पाठ टेकून पडलेत, छताच्या आरशात स्वतःला शोधतायत. हात हलवला की पार वर एक मुंगीएवढा ठिपका हलणार, तोच आपण. त्याच नोव्हेंबरात अमेरिकेचे अध्यक्ष बुश लंडनला आले होते, तर काही जणांनी अंगांनीच जमिनीवर अक्षरं मांडून त्यांना 'घरी जा' असं लिहिलं. छतावर वाचता यावं म्हणून उलटं लिहावं लागलं असेल. ही गोष्ट एलियासनने केली नव्हती, लोकांनी केली. मला ती सूर्याइतकीच आवडते.

मायला व्हिडिओ दाखवला. तिने चष्मा वर-खाली करून नीट पाहिलं.

"हे लोकं पैसे देऊन ऊन खाऊन राह्यले का बाप्पा?"

"फुकट होतं गं. तिकीट नव्हतं."

"मंग ठीक हाय. त्याहीले थंडीत ऊनच नाई भेटत असन. आपल्याकडचं घेऊन जा म्हणा थोडंसं."

या सूर्याला ऊब नव्हती, हे तिला सांगून पटलं नाही. ऊब नसलेलं ऊन तिच्या हिशोबात बसत नव्हतं. खरं तर सगळी गंमत तिथेच आहे. लोक थंड फरशीवर पडून ऊन अंगावर घेत होते, आणि ते खोटं आहे हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. कारण ठाऊक करून घ्यायची सोय एलियासनने स्वतःच ठेवली होती. हॉलच्या टोकापर्यंत चालत गेलं की सूर्याच्या मागे जाता यायचं. तिथे दिवे, वायरी, लोखंडी सांगाडा, सगळं उघडं. धुकं सोडणारी यंत्रंही झाकलेली नव्हती. वरच्या मजल्यावरून आरशाची बांधणी दिसायची. एवढी मेहनत करून जादू उभी करायची आणि मग तिच्या पाठीमागचं दार उघडं टाकायचं, हे मला त्या माणसाचं खरं वैशिष्ट्य वाटतं. मोठ्या प्रमाणावर दिपवणारे कलावंत आज पुष्कळ आहेत. काळ्या खोल्या, आरसे, फिरते रंग, बाहेर सेल्फीची जागा. मोठ्या शहरांत तर आता जुन्या चित्रकारांची चित्रं भिंतीभर फिरवून तिकीट लावतात. त्यात पाठीमागे जाऊ देत नाहीत. मागे काही बघण्यासारखं नसतंच म्हणा.

मागची बाजू बघायची ही खोड मला झाडीपट्टीने, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भातल्या नाटकांच्या मुलखाने, लावली. दिवाळी झाली, धान निघाला, की आमच्याकडे नाटकं लागतात. कुठे मंडई म्हणजे आमच्याकडची जत्रा, कुठे शंकरपट. दिवसा बैलांची शर्यत आणि रात्री नाटक. वडसा-देसाईगंजला कंपन्यांची ऑफिसं, तिथून गाडी निघते ती दुपारी गावात. धानाच्या मोकळ्या बांधीत बसायची जागा खणून ठेवलेली. नाटक रात्री दहाला म्हणजे अकराला सुरू होणार आणि पहाटे संपणार. आम्हा पोरांची खरी वेळ दुपारची. पडदे टांगणारे, दिवे चढवणारे लोक आम्हाला हाकलत नसत. चंद्र म्हणजे पत्र्याच्या डब्याचं तोंड, त्यावर ताणलेला बटर पेपर आणि आत साधा बल्ब, हे मी रांगत जाऊन मागून पाहिलेलं आहे. लाईटवाल्याने बटण दाबून दाखवलं होतं. बल्बभोवती आतल्या बाजूला मेलेले किडे चिकटले होते. आणि रात्री त्याच चंद्राखाली नायिका रडायला लागली तेव्हा माझ्या शेजारच्या सगळ्या बायांबरोबर मीही रडलो. किडे आठवत होते तरी रडलो. टर्बाइन हॉलमध्ये सूर्याच्या मागे जाऊन, वायरी बघून, परत पुढे येऊन फरशीवर पडणाऱ्या माणसांचं मला म्हणूनच नवल वाटलं नाही.

एलियासनची सगळीच कामं मला पटतात असं नाही. २००८ मध्ये न्यूयॉर्कच्या ईस्ट रिव्हरवर त्याने चार धबधबे उभे केले. बांधकामाची परांची बांधायची, पंपाने नदीचं पाणी वर चढवायचं आणि सोडून द्यायचं. परांची झाकलेली नव्हती, तो त्याचा स्वभावच. पण त्या नदीचं पाणी खारं. वाऱ्याने तुषार उडून काठच्या झाडांची पानं करपली, तेव्हा धबधब्यांचे तास कमी करावे लागले. शहराच्या मधोमध पाण्याचा आवाज आणायला एवढं करावं का, हा प्रश्न पडतो. दोन विहिरी आटलेल्या गावातल्या माणसाला जरा जास्तच पडतो. 'आइस वॉच'चंही तसंच. ग्रीनलंडच्या नूकजवळच्या खाडीत तरंगणारे बर्फाचे प्रचंड तुकडे आणून २०१५ च्या हवामान परिषदेच्या वेळी पॅरिसच्या चौकात मांडले. बारा तुकडे, घड्याळाच्या आकड्यांसारखे गोल. लोकांनी हात लावला, कान लावला, पोरांनी चाटलं. हेतू चांगला, फोटो फार छान आले. पण त्यात बघणाऱ्याला स्वतः शोधायला काही उरलं नाही. बर्फ वितळतोय हे बर्फ आणण्याआधीच ठरलेलं उत्तर होतं.

त्यापेक्षा त्याचं एक साधं काम मला मोठं वाटतं. १९९९ मध्ये त्याने विमानातून आइसलँडच्या हिमनद्यांचे फोटो काढले होते. वीस वर्षांनी, २०१९ मध्ये, पुन्हा जाऊन त्याच जागांचे काढले आणि शेजारी शेजारी लावले. तीस जोड्या. धुकं नाही, दिवे नाहीत. बघणाऱ्याने डावीकडून उजवीकडे नजर न्यायची, एवढंच. हे वाचल्यापासून मी सातवीच्या पोरांना दरवर्षी गावच्या मामा तलावाचं चित्र एकाच जागेवरून काढायला लावतो. मामा म्हणजे माजी मालगुजारी, जुन्या जमीनदारांच्या काळातला. नवीन शिक्षकांना हे नाव ऐकून नात्यातला मामा वाटतो. जुन्या चित्रांत पाणी पिंपळापर्यंत आहे. बेशरमची झुडपं पाळीजवळून आत कशी सरकत आली तेही दिसतं. पोरांना रंग कमी-जास्त येतो, पण बेशरम कुणी चुकवत नाही.

आता ज्या कामासाठी हा सगळा लेख लिहायला घेतला त्याकडे येतो. १९९३ चं आहे, एलियासन तेव्हा शिकतच होता. नाव 'ब्यूटी'. अंधारी खोली, वर बारीक भोकं पाडलेला पाइप, त्यातून पडणारा तुषारांचा पडदा आणि त्यावर तिरका सोडलेला एक दिवा. योग्य जागी उभं राहिलं की पडद्यात इंद्रधनुष्य दिसतं. एक पाऊल सरकलं की तेही सरकतं, आणखी एक पाऊल टाकलं की नाहीसं. भौतिकशास्त्र नववी-दहावीचं: प्रकाश थेंबात शिरतो, वाकतो, मागच्या बाजूवरून परततो, बाहेर येताना रंग सुटे होतात आणि सूर्याच्या बरोबर विरुद्ध दिशेभोवती साधारण ४२ अंशांवर डोळ्याला लागतात. म्हणजे धनुष्य थेंबात नाही, थेंब-प्रकाश-डोळा यांच्या कोनात आहे. दोन माणसं शेजारी उभी असली तरी दोघांची धनुष्यं वेगळी, कारण डोळे वेगळे. हे मी फळ्यावर आकृती काढून कितीदा तरी शिकवलंय आणि एकाही पोराच्या चेहऱ्यावर काही उमटलेलं पाहिलं नाही.

मग ठरवलं, करूनच बघू. आमच्याकडे तुषारांचं यंत्र घरोघरी आहे, पाठीवरचा फवारणी पंप. आठवीतल्या एका पोराने आनंदाने घरचा आणला. तीनदा धुतला तरी नोझलपाशी औषधाचा वास येतच राहिला. तो परत पाठवला. शेवटी कृषी केंद्रवाल्याने खोक्यातला कोरा पंप दिला, "पुसून द्या बरं सर, गिऱ्हाइकाले दाखवाचा आहे" अशा बोलीवर. मार्चची सकाळपाळी. सूर्य शाळेच्या मागून नुकताच वर आलेला. पोरांना त्याच्याकडे पाठ करून, कडुलिंबाकडे तोंड करून उभं केलं आणि शिपाईमामांनी पंप पाठीला लावून दांडा मारायला सुरुवात केली.

आधी काहीच नाही. मामांनी नोझल फिरवून फवारा बारीक केला, आणि पोरांच्या रांगेतून एकदम आवाज उठला. मग भांडण सुरू. एक मुलगी म्हणे धनुष्याचा पाय कडुलिंबाच्या बुडाशी आहे. तिच्यापासून चार हातांवरची दुसरी म्हणे, खोटी बोलते, पाय तर नळाच्या तोटीवर आहे. दोघींनी बोट रोखून दाखवलं. दोघीही बरोबर होत्या. मी त्यांना जागा बदलायला लावली, बोटंही बदलली. वर्ग एक मिनिटभर गप्प झाला, मग सगळेच इकडून तिकडे पळायला लागले. एक पोरगा धनुष्य धरायला थेट फवाऱ्यात घुसला आणि पलीकडे निघाला. तिकडून त्याने ओरडून विचारलं, "सर, कुठी हाय? इकडून तं निस्तं पानी हाय!" शर्ट चिंब.

त्या दिवशी मला माझी बहीण आठवली. तिला वणीकडे दिली आहे, कपाशीच्या मुलखात. २०१७ चा खरीप यवतमाळ जिल्हा विसरणार नाही. त्या वर्षी फवारणी करताना विषबाधा होऊन जिल्ह्यात वीसच्या आसपास शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो दवाखान्यात गेले. कपाशी त्या साली माणसाच्या डोक्याच्या वर वाढलेली होती. खाली मारायचा फवारा तोंडासमोर मारावा लागत होता, आणि मारणारा त्याच फवाऱ्यातून पुढे चालत होता. बहिणीच्या शेजारचा सालगडी आठवडाभर डोळ्यांपुढे धूसर घेऊन पडला होता, वाचला. पहाटेच्या फवारणीत इंद्रधनुष्य तेव्हाही पडतच असणार, बांधावर उन्हाकडे पाठ करून कुणी उभं असतं तर त्याला दिसलं असतं. ज्याच्या पाठीवर पंप होता त्याच्या वाट्याला काय आलं, ते आमच्या पोराने पलीकडून ओरडून सांगितलंच होतं. एलियासनने हे सगळं मनात धरून 'ब्यूटी' केलं असं मी म्हणत नाही. डेन्मार्कच्या विद्यार्थ्याला यवतमाळ कशाला माहीत असेल! पण ते काम आमच्या शाळेच्या आवारात आल्यावर त्याला ही पलीकडची बाजू आपोआप जोडली गेली, आणि आता ती मला वेगळी काढता येत नाही. औषधाची बाटली, तिच्यावरचा रंगीत त्रिकोण आणि त्याचा अर्थ हा पाठ मी त्याच आठवड्यात चित्रकलेच्या तासाला घेतला. लाल त्रिकोण सगळ्यांना आधीपासून ओळखीचा होता. घरात असतो तो.

टेटची ती इमारत आधी वीज केंद्र होती, हे सांगायचं राहिलं. बँकसाइड पॉवर स्टेशन, तेलावर चालणारं, १९८१ मध्ये बंद पडलं. जिथे टर्बाइन फिरत होते तिथेच एलियासनचा सूर्य टांगला होता. आमच्याकडचं केंद्र चालू आहे. चंद्रपूरचं महाऔष्णिक, २९२० मेगावॅटचं. रात्री ताडोबाकडून येताना त्याचे दिवे लांबून दिसतात आणि धुकंही असतं, त्याला यंत्र लागत नाही. वीज इथे तयार होते, आणि २००५ नंतरच्या वर्षांत खेड्यांनी बारा-बारा तास भारनियमन काढलं, हे दोन्ही एकाच जिल्ह्यात घडलं. दहावीची पोरं कंदिलावर अभ्यास करायची. म्हणून एलियासनने २०१२ मध्ये फ्रेडरिक ओटेसेन या अभियंत्याबरोबर 'लिटल सन' नावाचा सूर्यफुलाच्या आकाराचा पिवळा सौरदिवा काढला, तेव्हा त्याला कला म्हणायचं की धंदा यावर तिकडे चर्चा झाली, ती मला जरा रिकामटेकडी वाटली. दिवसभर उन्हात ठेवा, रात्री काही तास वाचा. आमच्या भागात नंतर वेगवेगळ्या योजनांतून असेच सौर कंदील आले. बरेचसे बॅटरी गेल्यावर माळ्यावर पडले. वस्तू सुंदर असती तर माळ्यावर गेली नसती, असं मी म्हणणार नाही, पण दुरुस्त करून घ्यावीशी तरी वाटली असती का, हा विचार मनात येतो.

सध्या डोक्यात 'रूम फॉर वन कलर' आहे. १९९७ चं. पांढऱ्या खोलीत लंडनच्या सूर्यात होते तसलेच दिवे लावायचे, एकाच तरंगलांबीचा पिवळा देणारे, कमी दाबाचे सोडियमचे. त्या प्रकाशात दुसरा रंगच नसतो, म्हणून लाल, निळं, हिरवं सगळं पिवळ्याच्या आणि काळ्याच्या छटांत जातं. माणसं जुन्या फोटोतल्यासारखी दिसायला लागतात. ग्रामपंचायतीच्या जुन्या खांबांवरच्या सोडियम दिव्यांनी हे होत नाही, ते जास्त दाबाचे, त्यांत बाकीचे रंग थोडेफार मिसळलेले. पण हवा तो दिवा तालुक्याच्या कॉलेजात असतो, हे मला अचानक सुचलं. बी.एस्सी.च्या पोरांना न्यूटनच्या वलयांचा प्रयोग करायला लागतो तो. ५८९ नॅनोमीटर, शुद्ध पिवळा. गेलो. प्रयोगशाळेतल्या दादांनी दिवा काढून, फडक्याने पुसून दाखवला आणि अर्ज द्यायला सांगितला. मी लिहिला: विषय, सोडियम दिवा पाहण्याची परवानगी मिळणेबाबत. कारणाच्या जागी 'रंग नाहीसे होतात ते बघणे' असं लिहिलं. दादांनी वाचलं, पेन मागितला.

"सर, हे खोडा. 'शैक्षणिक भेट' लिहा. रंग नाहीसे होते म्हटलं तं प्राचार्य मॅडम मले बोलावून विचारतीन."

खोडलं. पोरांना हळद, कुंकू, गुलालाची पुडी आणि शाळेची निळी रिबन आणायला सांगितली आहे. खोलीत एका वेळी आठच मावतील, म्हणून बॅचेस कराव्या लागणार.

"आणि आल्या आल्या पिवळा नाई दिसत तो," दादा म्हणाले. "आधी गुलाबी पेटते. पिवळा व्हाले दहा मिन्टं लागते. तेवढ्यात तुमी हजेरी घेऊन घ्या."